दक्षिणेचं आकाश आणि शहागडचा काठ

छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला तारे बघायला शहराबाहेर पडायचं असलं की तो डोंगर शोधतो. म्हैसमाळ, वेरूळच्या बाजूचा घाट, अशी नावं आधी निघतात. उंचावर गेलं की आकाश जवळ येतं, असा समज त्यामागे असतो. काहीशे मीटर वर गेल्यानं थोडी धूळ खाली राहते हे खरं, पण ताऱ्यांना त्यापेक्षा मोठा फरक पडतो तो शहर आपल्या समोर आहे की पाठीशी, यानं. म्हैसमाळ शहराच्या वायव्येला आहे. तिथून दक्षिण-आग्नेयेकडे तोंड केलं तर नेमका शहराचाच उजेड समोर येतो. आणि आपल्या अक्षांशावर जे बघायला दुनिया धडपडते, ते दक्षिणेलाच असतं.

म्हणून माझं मत उलट्या वाटेचं आहे. बीडचा रस्ता धरायचा. आडूळ, पाचोड मागे टाकून गोदावरीच्या पुलापर्यंत यायचं. पुलाच्या अलीकडे, नदीच्या उत्तर तीरावर अंबड तालुक्यातलं शहागड आहे. पलीकडे गेवराई तालुका, म्हणजे बीड जिल्हा सुरू होतो. नकाशा उलगडून बघितला तर या जागेची सोय लक्षात येते. संभाजीनगर वायव्येला, पैठण पश्चिमेला, अंबड आणि त्यापलीकडे जालना उत्तरेला. शहागडचे स्वतःचे दिवे, महामार्गावरचे ढाबे, पेट्रोलपंप हे सगळं काठाच्या मागे. नदीकडे तोंड करून उभं राहिलं की समोर पाण्याचा पट्टा, त्यापलीकडे शेतं आणि मग थेट क्षितिज. दक्षिणेला गेवराईचा उजेड तेवढा खाली दिसतो, पण तालुक्याच्या गावाचा उजेड आणि औद्योगिक शहराचा उजेड यांत फार अंतर आहे.

शहागडचा अक्षांश १९ अंश २० मिनिटांच्या आसपास आहे. या एका आकड्यातून बरंच काही काढता येतं. ध्रुवतारा क्षितिजापासून जवळपास १९ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या पसरट पंजाच्या वितीएवढ्या उंचीवर दिसतो. आणि दक्षिणेकडे, खगोलीय विषुववृत्ताच्या खाली तब्बल ७० अंशांपर्यंतचे तारे क्षितिजावर येतात. लंडनमध्ये हीच मर्यादा साडेअडतीस अंशांवर संपते. म्हणजे अख्ख्या आकाशाचा दक्षिण ध्रुवाजवळचा एक लहानसा गोल सोडला, तर बाकी सगळं आकाश वर्षभरात शहागडच्या डोक्यावरून फिरून जातं. युरोपातल्या मोठमोठ्या वेधशाळांना हे भाग्य नाही.

मात्र या संपत्तीला एक अट आहे. दक्षिणेचे तारे वर येतात, पण फार वर येत नाहीत. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या जेवढ्या थरातून येतो, त्याच्या साडेपाच पट थर १० अंशांवरच्या ताऱ्याला ओलांडावा लागतो. १८ अंशांवर तो तिप्पट होतो, ४० अंशांवर दीडपट. हवेत धूळ, धूर, बाष्प असेल तर ते सगळं साडेपाच पटीनं आडवं येतं. आणि शहराचा उजेडही क्षितिजालगतच सर्वांत दाट असतो. शहरात राहणाऱ्याला डोक्यावरचे तारे थोडे तरी मिळतात. दक्षिणेचे आधी जातात. उष्ण कटिबंधातल्या शहराचं खरं नुकसान हेच आहे, आणि ते फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण जे कधी बघितलंच नाही त्याची उणीव वाटत नाही.

अगस्त्याचं उदाहरण घ्या. संपूर्ण आकाशात व्याधाखालोखाल तेजस्वी असलेला हा तारा, आपल्यापासून सुमारे ३०० प्रकाशवर्षं दूर. दिल्लीत तो जेमतेम ९ अंश वर येतो, कन्याकुमारीला २९, आणि शहागडला १८. उत्तरेला ३७ अंशांपलीकडच्या लोकांना तो दिसतच नाही. विंध्य ओलांडून दक्षिणेत गेलेला ऋषी ही कथा ज्यांनी या ताऱ्याला जोडली, त्यांना तो उत्तरेतून किती खाली दिसतो हे पुरतं ठाऊक असणार. आपल्या पंचांगात अगस्त्याचा उदय आणि अस्त आजही छापतात. उन्हाळ्यात तो सूर्याच्या उजेडात दिसेनासा होतो आणि पावसाळा सरताना पहाटे दक्षिणेला पुन्हा उगवतो. तो उगवला की पाणी निवळतं, अशी जुनी समजूत आहे. पूर ओसरण्याचा काळ तोच असल्यानं ती अगदीच निराधार नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास तो नेमका दक्षिणेला असतो. व्याध सापडला की तिथून सरळ खाली नजर आणायची. संभाजीनगरच्या गच्चीवरूनही तो दिसतो, दक्षिणेला इमारत आडवी नसेल तर.

त्रिशंकूला मात्र गच्ची पुरत नाही. विश्वामित्रानं स्वर्ग आणि पृथ्वीच्या मध्ये लटकवलेल्या राजाचं नाव या छोट्या, पण ठसठशीत चौकडीला आहे. शहागडहून तिचा वरचा तारा साडेतेरा अंशांवर येतो आणि तळचा साडेसातवर. दिल्लीत तळचा तारा क्षितिजावर येतच नाही. तिथला त्रिशंकू अर्धवटच राहतो. मेच्या मध्यावर रात्री साडेनऊला ही चौकडी दक्षिणेला उभी असते. तिच्या डावीकडे, थोडे मागाहून, मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे वर येतात. मित्र म्हणजे सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी, तारकांची एक संपूर्ण कुटुंबव्यवस्था, अंतर ४.३७ प्रकाशवर्षं. सूर्यानंतरचा जवळचा तारा कोणता, हा प्रश्न शाळेत विचारतात. तो दाखवायला कुणी नेत नाही.

त्याच रात्री त्रिशंकूच्या वर, क्षितिजापासून २३ अंशांवर, नरतुरंग तारकासमूहात एक धूसर ठिपका असतो. अंधाऱ्या जागेवरून तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि साध्या दुर्बिणीतून, म्हणजे पक्षी बघायला वापरतात त्या दोन नळ्यांच्या १०×५० दुर्बिणीतून, कापसाच्या उमललेल्या बोंडासारखा. हा ओमेगा सेंटॉरी. टॉलेमीनं याला तारा समजून यादीत घातलं होतं. प्रत्यक्षात तो सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ आहे, १७,००० प्रकाशवर्षांवर. आपल्या आकाशगंगेतला असा सर्वांत मोठा गुच्छ हाच. युरोपातल्या बहुतेक हौशी निरीक्षकांना यासाठी विमानाचं तिकीट काढावं लागतं. शहागडकरानं जेवण झाल्यावर नदीकडे चालत जायचं.

इथे एक तक्रार नोंदवायलाच हवी. आपल्याकडे मुलांच्या हातात पडणारी ताऱ्यांची पुस्तकं आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बहुतेक ४० ते ५० अंश उत्तरेच्या आकाशावर बेतलेले असतात. त्यांत सप्तर्षी कधीच मावळत नाहीत. आपल्याकडे ते चक्क मावळतात. दिवाळीच्या संध्याकाळी उत्तरेला सप्तर्षी शोधत बसलात तर सापडणार नाहीत, ध्रुव शोधायला तेव्हा शर्मिष्ठेची मदत घ्यावी लागते. ऑगस्टमधल्या ययाती उल्कावर्षावाचं त्यांत मोठं कौतुक असतं. आपल्याकडे तेव्हा श्रावण असतो. आपला उल्कावर्षाव म्हणजे १४ डिसेंबरच्या आसपासचा मिथुनेतला. त्या रात्री मध्यरात्रीनंतर मिथुन डोक्यावर असते, थंडी सोसेल एवढी असते आणि आभाळ बहुधा निरभ्र. लंडनमध्ये जून महिनाभर पुरती रात्र होतच नाही. आपल्याकडे सूर्य मावळला की सव्वा तासात काळोख पक्का. ग्रहांचा मार्गही आपल्याकडे क्षितिजाशी उभट कोन करतो, त्यामुळे बुध दिसणं आपल्याला त्यांच्याहून सोपं. इतकं सगळं पदरात असताना दुसऱ्यांच्या आकाशाचा नकाशा घेऊन फिरणं काही बरोबर नाही.

स्वाती नक्षत्राचा तारा तर जणू शहागडसाठीच नेमून दिलेला आहे. त्याचं आकाशातलं स्थान विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांहून किंचित जास्त. म्हणजे गावाच्या अक्षांशाएवढंच. परिणामी तो जवळजवळ नेमका डोक्यावरून जातो. मे संपताना रात्री साडेदहाच्या सुमारास अंगणात बाजेवर उताणं पडलं की डोळ्यांसमोर जो नारिंगी तारा येतो, तो स्वाती. त्याच महिन्यात, तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी सूर्यही असाच डोक्यावरून जातो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. भर दुपारी म्हणजे घड्याळात मात्र बारानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी, कारण भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि शहागड पावणेशहात्तरच्या आसपास, बरंच पश्चिमेला.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नक्षत्रांची नावं शिकवायची गरज नाही. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, ही सगळी पावसाची गणतीच आहे. कोणत्या नक्षत्राला वाहन कोणतं, बेडूक की गाढव, हेही पंचांगात बघून झालेलं असतं. गंमत अशी की ७ जूनच्या सुमारास ‘मृग लागला’ म्हणतात तेव्हा मृगाचे तारे दिसत नाहीत. सूर्य त्या नक्षत्रात गेला, हाच त्या बोलण्याचा अर्थ. आणि सूर्य जिथे आहे तिथले तारे दिवसा वर असतात. ज्या नक्षत्रावर पेरणीचा हिशेब, ते नक्षत्र पेरणीच्या दिवसांत आकाशात शोधून सापडत नाही. मृग बघायचा तर थंडीत, गहू-हरभरा उभा असताना. तेव्हा शेतीपंपाला रात्रीची लाईट असते आणि दारं धरायला माणूस रानात जातोच. मधले तीन तारे, त्रिकांड बाण, त्या वेळी डोक्याच्या जरा दक्षिणेला असतो. बाणाची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी आणि तिच्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. रात्री पाणी भरणाऱ्या माणसाइतका वेळ तारे बघायला दुसऱ्या कुणाला मिळत असेल, असं मला वाटत नाही, जरी तो त्यानं मागून घेतलेला नसला तरी.

पावसाळ्यात तीन-साडेतीन महिने आकाश बंद. पण मराठवाड्याचा पाऊस मध्येच ओढ देतो, आठ-पंधरा दिवसांचा खंड पडतो. अशा खंडातल्या रात्री हवा धुऊन निघालेली असते आणि वृश्चिक-धनूमधला आकाशगंगेचा फुगीर, उजळ भाग समोर दक्षिणेला ४० अंशांवर असतो. वर्षातलं सर्वांत देखणं आकाश ते हेच. पिकं माना टाकत असताना त्याचं कौतुक करायला जीभ रेटत नाही, एवढंच.

गोदावरीचा हा काठ ज्योतिर्गणिताला नवा नाही. इथून नदीच्या धारेनं खाली गेलं की पाथरीचा परिसर लागतो. तिथे, म्हणजे जुन्या पार्थपुरात, ज्ञानराजानं १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ लिहिला. गोदेच्या उत्तर तीरावरच्या गोलग्रामातलं दिवाकर दैवज्ञाचं घराणं तर पिढ्यान्‌पिढ्या गणित करणाऱ्यांचं. दिवाकर हा ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञाचा शिष्य. पुढे हे घराणं काशीला गेलं आणि त्याच कुळातल्या कमलाकरानं १६५८ मध्ये ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ पुरा केला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये छापलेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात या सगळ्यांचा शोध घेतला आहे. मराठीत आकाशावर लिहिणाऱ्यानं दीक्षितांना वंदन करूनच पुढे जावं.

शहागडजवळच, नदीपलीकडे, राक्षसभुवन आहे. इतिहासाच्या पुस्तकात ते १७६३ च्या लढाईमुळे येतं, थोरले माधवराव आणि निजाम यांच्या. भाविकांना ते ठाऊक आहे शनीच्या देवळासाठी. शनीच्या साडेतीन पीठांत त्याची गणना होते. शनी अमावास्येला इथे गर्दी उसळते. त्या गर्दीतल्या किती जणांनी शनी ग्रह डोळ्यांनी बघितला असेल? तो बघायला अवघड मुळीच नाही. पिवळसर, न लुकलुकणारा, ठळक. सूर्याभोवती फिरायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींत वाटली तर एका राशीत अडीच वर्षं, आणि तीन राशींची मिळून साडेसात. साडेसातीचा काळ इतका भरतो तो यामुळे. भीती बाजूला ठेवली तर हे एका अत्यंत संथ ग्रहाचं अचूक निरीक्षण आहे. चाळीसपट मोठं दाखवणाऱ्या लहानशा दुर्बिणीतून त्याची कडी स्पष्ट दिसतात. मार्च २०२५ मध्ये ती आपल्याला धारेवरून दिसण्याच्या स्थितीत होती, आता हळूहळू उघडत आहेत. २०२६ आणि २०२७ या दोन्ही वर्षी ऑक्टोबरात शनी सूर्याच्या समोर येतो, म्हणजे रात्रभर आकाशात असतो. देवळाच्या आवारात एक दुर्बीण लावली तर रांगेतल्या माणसाला एकाच फेरीत दोन दर्शनं घडतील.

आता उजेडाविषयी. दिवा तारे झाकतो तो दोन तऱ्हांनी. एक, तो थेट डोळ्यांत जातो. अंधारात आपल्या डोळ्यांना पुरतं सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झळकीनं ते सारं वाया जातं. दुसरं, दिव्याचा वर गेलेला प्रकाश हवेतल्या कणांवरून विखुरतो आणि साऱ्या आकाशालाच पांढरट करतो. निळा प्रकाश सर्वांत जास्त विखुरतो, म्हणून जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा आजचे पांढरे एलईडी आकाशाला जास्त बाधतात. वीज वाचली, पण वाचलेल्या विजेत आपण आणखी दिवे लावले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाशप्रदूषणाच्या जागतिक नकाशानुसार जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आकाशगंगा दिसत नाही. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या नोंदींवरून, आकाशाचा उजळपणा वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचं दिसलं. जिथे आज २५० तारे दिसतात, तिथे जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी १०० दिसतील, हा त्याचा अर्थ.

जागा किती अंधारी आहे हे तपासायला यंत्र नको. आभाळात तुरळक ढग असताना वर बघा. शहरात ढग आकाशापेक्षा उजळ दिसतात, कारण खालचा उजेड ते परत फेकतात. खऱ्या अंधाऱ्या जागी ढग काळे दिसतात, ताऱ्यांमधल्या भोकासारखे. संभाजीनगर ते शहागड या वाटेवर मधूनमधून थांबून ही परीक्षा करण्यासारखी आहे.

हे प्रकरण हाताबाहेर गेलेलं आहे असंही नाही. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली-सिल्लारी-पिपरियासारख्या बफरमधल्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांची तोंडं जमिनीकडे करण्यात आली. दिवे काढले नाहीत, गावं अंधारात टाकली नाहीत. उजेड रस्त्यावर पडेल एवढंच बघितलं. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईत १९८५ मधल्या हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्तानं सुरू झालेलं खगोल मंडळ लोकांना आकाश दाखवत आले आहेत. मुंबईकर त्यासाठी रात्रभर वांगणीला जाऊन बसतात. शहागडच्या तुलनेत वांगणीला मुंबई-कल्याणचा उजेड कितीतरी जवळ आहे.

शहरातच अडकला असाल तर चंद्र आणि ग्रह बघा. त्यांना शहराचा उजेड अडवत नाही. गुरूचे चार चंद्र, चंद्रावरची विवरं, शुक्राची कोर लहानशा दुर्बिणीतून गच्चीवरूनही दिसतात. पण आकाशगंगा, देवयानीतली २५ लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका आणि दक्षिणेचे तारे यांना अंधारच लागतो. त्यासाठी अमावास्येच्या मागचे-पुढचे चार दिवस निवडा. टॉर्चला लाल कागद बांधा. फिकट वस्तूकडे रोखून न बघता किंचित बाजूला बघा, ती जास्त स्पष्ट दिसते. डोळ्याचा मंद प्रकाश टिपणारा भाग मध्यापासून बाजूला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत उत्तम. ऊसतोड सुरू झाल्यावर पाचट पेटवलेल्या रात्री टाळा, आणि मेमध्ये त्रिशंकू बघायचा तर वळवाची सर येऊन गेल्यानंतरची रात्र गाठा, धूळ बसलेली असते.

नदीच्या पात्रात मात्र उतरू नका. वर पैठणला जायकवाडी धरण आहे; दरवाजे उघडले की पाणी वाढतं, आणि रात्री ते कळत नाही. काठावर ओळखीच्या माणसाचं शेत असेल तर त्याला विचारून बांधावर बसा, पायांत बूट घाला, एकटे जाऊ नका.

आणि शहागडच्या, अंबडच्या, गेवराईच्या ग्रामपंचायत-नगरपालिकेत ज्यांचं बसणं-उठणं आहे, त्यांच्यासाठी एक विनंती. नदीकाठी, देवळापाशी, चौकात नवा हायमास्ट बसवायचा ठराव होईल तेव्हा दिव्याला वरून झाकण असावं, प्रकाश पिवळसर असावा आणि रात्री अकरानंतर तो निम्म्यावर यावा, या तीन ओळी ठरावात घाला. त्यानं विजेचं बिलही थोडं कमी येईल.